ससा घरी आणण्यापूर्वी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण, स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर करून.)



सेक्रेटरींनी मला विषय सुचवला होता तो वेगळाच. ‘तुम्ही बँकेत होतात, तर ज्येष्ठांच्या ठेवी आणि नॉमिनेशन यावर बोला.’ मी म्हटलं, नॉमिनेशनचं एक कोष्टक करून देतो, ते नोटीस बोर्डावर लावा. आज मला सशांवर बोलू द्या. सेक्रेटरी हसले. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि का नाही ते सांगण्यासाठीच मी उभा आहे.

कारणं दोन. पहिलं, गेल्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत ‘इमारतीत प्राणी पाळण्यास बंदी असावी’ अशी एक सूचना आली आणि वेळेअभावी पुढे ढकलली गेली. दुसरं, गेल्या सहा महिन्यांत आपल्याच चार घरांतून मला विचारणा झाली, ‘काका, तुमच्याकडे ससे आहेत, आम्हालाही आणायचेत, मुलांनी नुसता ससेमिरा लावलाय.’

आता ‘ससेमिरा’ या शब्दाचा सशाशी काही संबंध नाही. जुन्या कथेतला एक राजपुत्र भ्रमिष्ट होऊन ‘स-से-मि-रा’ ही चारच अक्षरं बडबडत राहतो, आणि त्या एकेका अक्षराने सुरू होणारा श्लोक ऐकवला की हळूहळू शुद्धीवर येतो, अशी ती गोष्ट. ‘ससेहोलपट’ हा शब्द मात्र खरा सशाचा. चारी बाजूंनी हाकारे उठतात आणि बिचारा ससा वाट मिळेल तिकडे धावत सुटतो, ती ससेहोलपट. मला आज एवढंच सांगायचं आहे की मुलांचा ससेमिरा थांबवण्यासाठी आपण कुणाची ससेहोलपट करू नये.

आधी एक मूलभूत गोष्ट. आपण मराठीत दोन वेगवेगळ्या प्राण्यांना एकच नाव दिलंय. माझं मूळ गाव पोलादपूर तालुक्यात. तिथे वरकस जमिनीत, करवंदीच्या जाळीत दिसतो तो रानससा. अंगाने तपकिरी, मानेवर काळपट, लांब पायांचा. आणि पिंजऱ्यात विकायला येतो तो पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा पाळीव ससा. या दुसऱ्याचे पूर्वज युरोपातले, स्पेन-फ्रान्सकडचे. ते बिळं करून, टोळीने राहणारे. आपला रानससा बीळ करत नाही, गवतात नुसता दबून बसतो. पाळीव सशाची पिल्लं जन्मतात ती उघडी, बिनकेसांची, डोळे मिटलेली. रानसशाची पिल्लं जन्मतात तीच अंगावर लव आणि डोळे उघडे घेऊन.

हे सांगण्याचं कारण असं, की गवत कापताना किंवा शेतात काम करताना कुणाला रानसशाचं पिल्लू दिसतं आणि ‘आईने टाकलं वाटतं’ म्हणून कुणीतरी ते पिशवीत घालून मुलांसाठी घरी आणतं. आईने टाकलेलं नसतं. रानसशीण पिल्लाजवळ बसून राहत नाही. तिच्या वासावर कोल्हा यायला नको म्हणून ती दिवसाकाठी एखाद-दुसऱ्या वेळीच दूध पाजायला येते. आपण उचलून आणलेलं पिल्लू बहुधा जगत नाही. शिवाय रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला धरणं, पाळणं, वाघर लावून मारणं हे सगळे गुन्हे आहेत. पिल्लू दिसलं तर हात न लावता निघून यावं. जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करावा. गावाकडच्या नातेवाइकांनाही हे सांगा. म्हणजे आजचा आपला विषय फक्त पाळीव सशाचा.

आमच्याकडे ससे आले ते विकत घेऊन नव्हे. २०१९ च्या मे महिन्यात एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरीला असलेल्या एका कुटुंबाची गुजरातला बदली झाली. त्यांच्याकडे दोन ससे होते, वर्षभराचे. ट्रकमध्ये सामान भरून झालं आणि पिंजरा खालीच राहिला. ‘वाटेत घाटात सोडून देऊ, तिथे भरपूर गवत आहे’, असं ते गृहस्थ अगदी सहज म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की आपण सशांना मोकळं करतोय. माझी नात तेव्हा दुसरीत. ती पिंजऱ्याला धरून बसली. सूनबाई खाली आल्या, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे पाहिलं, आणि पिंजरा वर आला. एकाचं नाव कापूस, दुसरीचं तीळ. तिच्या नाकावर एक काळा ठिपका होता म्हणून.

घाटात सोडले असते तर काय झालं असतं? पांढरा ससा हिरव्या रानात लपत नाही. त्याला पिढ्यान्‌पिढ्या माणसाने खाऊ घातलेलं. पहिल्या रात्रीच कोल्ह्या-कुत्र्याने संपवला असता. आणि समजा, संपला नाही तर? तीही गोष्ट चांगली नाही. १८५९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस ऑस्टिन नावाच्या एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडहून मागवलेले दोन डझन ससे आपल्या जमिनीवर सोडले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत त्या खंडाच्या मोठ्या भागात सशांनी गवत खाऊन जमिनी उघड्या पाडल्या, त्यांना अडवायला शेकडो मैलांची कुंपणं घालावी लागली. तेव्हा ‘सोडून देणे’ हे सशावरही उपकार नाहीत आणि रानावरही नाहीत. आपल्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यातही पाळलेला प्राणी टाकून देणं हा गुन्हाच आहे. दंड ऐकाल तर हसाल, पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. पण कायद्याचा दंड कमी म्हणून पाप कमी होत नाही.

ऐंशीच्या दशकात मी ग्रामीण शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात दहा शेळ्या आणि एक बोकड अशी कर्जप्रकरणं आम्ही केली. शेळीच्या कानात विम्याचा बिल्ला असायचा. बिल्ला नाही तर दावा नाही, असा नियम. तिथे जनावर म्हणजे मत्ता, त्याचं उत्पन्न येणार, त्यातून हप्ता फिटणार. ससेपालनही काही ठिकाणी तसं चालतं. राजस्थानात अविकानगरला केंद्र सरकारची मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. तिच्या कुलूजवळच्या गडसा केंद्रात लोकरीसाठी अंगोरा ससे पाळतात आणि तमिळनाडूत कोडाईकनालजवळ मन्नवनूरला दुसऱ्या जातींचे. ही दोन्ही ठिकाणं डोंगरातली, थंड हवेची आहेत, हे लक्षात ठेवा. महाडच्या उन्हाळ्याकडे आपण येणारच आहोत. तर, ते ससेपालन वेगळं आणि घरात ससा ठेवणं वेगळं. घरातल्या सशापासून उत्पन्न शून्य. तो खर्चाच्याच बाजूला राहणार.

म्हणून मी विचारायला येणाऱ्याला बँकेच्या भाषेत सांगतो. ससा म्हणजे आठ ते दहा वर्षांची मुदत ठेव आहे. मुदतीआधी मोडता येत नाही. आज तिसरीत असलेलं मूल बारावीला जाईल तेव्हाही तो ससा तुमच्या घरात असेल. तेव्हा मुलाला क्लास असेल, मोबाईल असेल, मित्र असतील. सकाळी सशाची जागा साफ कोण करणार? ज्या घरात याचं उत्तर ‘मूलच करेल’ असं येतं, तिथे मी सांगतो की आणू नका. ज्या घरातली एखादी मोठी व्यक्ती म्हणते ‘मी करीन’, तिथे पुढचं बोलू.

आता खाणं. चित्रात ससा म्हटला की गाजर. बालमित्रांनो, गाजरात साखर असते. सशाला ते पेढ्यासारखं समजा, आठवड्यातून दोनदा बोटाएवढा तुकडा. सशाचं खरं अन्न गवत, वाळलेलं गवत. दिवसाच्या खाण्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग गवताचाच हवा. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावून चावूनच ते झिजतात. गवत नसेल तर दात वाढून गालात रुततात. त्याची आतडीही गवतानेच चालती राहतात. सशाला उलटी होत नाही. जे आत गेलं ते पुढेच सरकायला हवं.

गवताच्या बाबतीत आपण भाग्यवान. पुण्या-मुंबईचे लोक पुडीतलं परदेशी गवत महागड्या किमतीला मागवतात. पोलादपूरच्या डोंगरउतारावर दिवाळीच्या सुमारास कापलेलं गवत नीट वाळवून, बुरशी न लागलेलं मिळालं की काम झालं. आम्ही वर्षाची चार पोती गावाहून आणतो. भाताचा पेंढा अंथरायला चालतो, पण नुसत्या पेंढ्यावर ससा पोसत नाही. बरोबर रोज मूठ-दोन मूठ हिरवं. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, तुतीची पानं, आणि सगळ्यांत आवडती म्हणजे आपली दूर्वा. गणपतीत सौ. एकवीस दूर्वांच्या जुड्या करत बसतात, तेव्हा तीळ शेजारी येऊन बसे. बाप्पाच्या जुड्या आधी उंचावर ठेवाव्या लागत.

काय द्यायचं नाही, ती यादी याहून महत्त्वाची. बिस्किट, पाव, चुरमुरे, शेव, चॉकलेट, भात, कांदा, लसूण, कच्चा बटाटा, यातलं काहीच नाही. आपल्या गॅलऱ्यांमधलं मनी प्लांट, डिफेनबेकिया, आवारातली कण्हेर, कुंपणाची घाणेरी ही सगळी त्याला विषारी. लहान मुलं कौतुकाने जाळीतून काहीही घालतात. त्यांना रागावू नका, एक दूर्वेची जुडी हातात द्या.

एक विचित्र गोष्ट पाहून नवखे घाबरतात. ससा स्वतःच्याच मऊ लेंड्या तोंड खाली घालून खातो. तो आजारी नसतो आणि घाणेरडाही नसतो. गाय रवंथ करते तसं त्याचं हे दुसऱ्यांदा पचवणं आहे. त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. बाकीच्या कोरड्या, गोल लेंड्यांचं खत उत्तम. आपल्या आवारातल्या जास्वंदीला गेली काही वर्षं ज्या कळ्या येतात, त्यांचं श्रेय माळीकाका स्वतः घेतात. पण त्यात कापसाचाही वाटा आहे.

जागा. बाजारात मिळतो तो दीड-दोन फुटी पिंजरा हा ससा नेण्यासाठी आहे, राहण्यासाठी नाही. निदान तीन उड्या मारता याव्यात आणि मागच्या पायांवर उभं राहता यावं एवढं घर हवं. तळ जाळीचा नको, तळव्यांना जखमा होतात. आणि रोज तीन-चार तास खोलीत मोकळं सोडायला हवं. त्याआधी सगळ्या वायरी उचलून घ्यायच्या किंवा नळीत घालायच्या. आमच्याकडे फोनचा चार्जर, इंटरनेटची वायर आणि माझ्या चपलेचा अंगठा असा तिघांचा बळी गेल्यावर घरात शिस्त आली. तीळ आणि कापूस ठरावीक ट्रेमध्येच लघवी करायला शिकले. एका कोपऱ्यात वर्तमानपत्र आणि वर गवत ठेवलं की ससा ती जागा आपोआप धरतो. ट्रे रोज बदलला तर वास येत नाही. दोन दिवस राहिला तर शेजाऱ्यांच्या घरात जातो. मग ते सभेत विषय मांडतात, आणि त्यांचं चुकत नाही.

उचलण्याबद्दल मुलांनी ऐका. कान धरून ससा उचलायचा नाही. कधीच नाही. एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली. त्याचे मागचे पाय फार जोरकस आणि पाठीचा कणा नाजूक. हवेत लटकला आणि झटका मारला तर त्याचाच कणा मोडतो. खरं तर बहुतेक सशांना उचललेलं आवडतच नाही. त्यांच्या जातीला वर उचलणारे कोण? घार आणि कोल्हा. आपण जमिनीवर बसावं आणि त्याची वाट पाहावी. आमच्या नातवाला, जो जेवायलाही एका जागी बसत नाही, अर्धा-अर्धा तास गप्प बसायला शिकवलं ते या सशांनी. ससा समोर येऊन हनुवटी घासतो तेव्हा तो ‘हे माझं’ असं सांगत असतो. मागचा पाय जमिनीवर आपटला तर ‘सावध!’ असं सांगतो. आणि आनंदात असला की हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो. ते पाहायला मात्र वर या, ते मला सांगता येत नाही.

आता महाडचं हवामान. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांवाटे टाकतो. तापमान अठ्ठावीस-तीसच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे काय होतं ते मी सांगायला नको. समुद्राचा वारा इथवर पोचत नाही, डोंगर चारी बाजूंनी. आम्ही त्या दिवसांत सशांना फरशीवर ठेवतो, खिडकीला ओलं गोणपाट, पंखा थेट अंगावर न येता फिरता, आणि बर्फ झालेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी. ससा तिला टेकून झोपतो. त्याच्या अंगावर पाणी ओतायचं नाही, अंघोळ तर मुळीच घालायची नाही. पाणी सतत हवं. दोन किलोचा ससा दिवसाला शंभर ते तीनशे मिलिलिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ज्यांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, गच्चीखाली आहे, त्यांनी या एकाच कारणासाठी दहादा विचार करावा.

पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. गवताला बुरशी, कानात खरूज, आणि मागच्या बाजूला ओल राहिली तर माशी अंडी घालते. मग एका दिवसात किडे होतात. रोज उचलून पाहावं. औषध आपल्या मनाने करू नये. कुत्र्याच्या गोचिडांवर घालतात त्यातलं फिप्रोनिल सशाला घातक आहे. माणसांना सर्रास देतात ते अमॉक्सिसिलीन सशाच्या पोटात गेलं तर मरण ओढवू शकतं. आणि सगळ्यांत मोठी खूण, ससा बारा तास काही खात नसेल, लेंड्या पडत नसतील, तर सकाळची वाट पाहू नका. भक्ष्य होणारा प्राणी दुखणं लपवतो. तो दाखवू लागला म्हणजे बरंच झालेलं असतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांना गाई-म्हशींची सवय जास्त, हे ते स्वतःच सांगतात. तरी आपल्याला त्यांनी अनेकदा मदत केली. मोठं दुखणं असेल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे दीडशेहून जास्त किलोमीटर. ससा घेण्याआधी डॉक्टर कोण, हे ठरवा.

आणखी एक हिशेब, माझ्या आवडीचा. १२०२ साली इटलीतल्या फिबोनाची या गणितज्ञाने आपल्या पुस्तकात एक कोडं घातलं. सशांची एक जोडी दर महिन्याला एक जोडी देते, नवी जोडी दुसऱ्या महिन्यापासून देऊ लागते, तर वर्षअखेर जोड्या किती? उत्तर, ३७७. त्याच आकड्यांची माळ त्याच्याही आधी आपल्याकडे हेमचंद्राने छंदशास्त्रात, लघु-गुरू मात्रांच्या हिशेबात मांडली होती. हे झालं गणित. खरी सशीण तर एकतीस दिवसांत चार ते आठ पिल्लं देते आणि व्यायल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. चक्रवाढ व्याजाला लाजवील अशी ही वाढ. विक्रेता ‘दोन्ही नर आहेत’ म्हणून देतो त्यावर विसंबू नका, लहानपणी ओळखणं अवघड असतं. नसबंदी करून घ्या, नाहीतर वेगळे ठेवा. आमचे दोघे आले तेव्हा आधीच्या कुटुंबाने कापसाची नसबंदी मुंबईला करून घेतलेली होती. नाहीतर आज माझ्या जागी फिबोनाची बोलत असता.

आता २०२१ बद्दल थोडं. २२ जुलैचा दिवस इथे कुणी विसरलेलं नाही. सावित्री आणि गांधारी एकत्र गावात आल्या. २००५ चा पूर पाहिलेले आपण, तरी या वेळचं पाणी मोजणीत बसलं नाही. त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला, तिकडे पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी. त्या दुःखापुढे सशांची गोष्ट सांगायला जीभ अडखळते. तरी सांगतो, कारण ती आपल्या इमारतीची आहे.

तळमजल्याची तीन कुटुंबं त्या रात्री आमच्या आणि समोरच्या फ्लॅटमध्ये वर आली. वीज नाही, नळाला पाणी नाही, मोबाईल बंद. मोठी माणसं खिडकीत उभी राहून आपापल्या घराच्या दाराची वरची चौकट पाण्याखाली जाताना पाहत होती. मुलांना कुणी काय सांगायचं? ती सगळी आतल्या खोलीत सशांभोवती बसली. गवत माळ्यावर होतं म्हणून त्यांचं निभलं. बंद पडलेल्या फ्रिजमधली कोथिंबीर शेजारच्या वहिनींनी आणून दिली. त्या मुलांमध्ये एक मुलगी होती, तिच्या घरातून सशांच्या वासाबद्दल लेखी तक्रार आलेली होती. ती तक्रार रास्त होती आणि आम्ही त्यानंतर ट्रेची जागा बदलली होती. ती मुलगी रात्रभर तिळीच्या पाठीवर हात ठेवून बसली. पहाटे तिच्या आईने मला विचारलं, ‘काका, हिला झोप लागली का?’ दोघींना लागली होती. पूर ओसरल्यावर चिखल काढायला महिना गेला, पण त्या घरातून पुढे रोज गाजराचा पाला येऊ लागला.

यातून व्यवहाराचा धडा एवढाच की आपल्या गावात प्राणी पाळायचा तर पुराची तयारी त्याच्यासाठीही हवी. हलका, दार नीट लागणारा नेण्याचा पिंजरा, पाच दिवसांचं गवत प्लॅस्टिकच्या पोत्यात माळ्यावर, पाण्याच्या दोन बाटल्या. इशारा आला की पिंजऱ्यात घालून वर. बांधलेलं किंवा कोंडलेलं जनावर मागे ठेवून निघायचं नाही. निदान दार उघडून तरी द्यायचं.

तीळ गेल्या वर्षी गेली. सहा वर्षांची होती. पोट बंद पडलं, डॉक्टरांनी दोन दिवस प्रयत्न केले. नात तोवर मोठी झाली होती, ती रडली नाही, म्हणजे आमच्यासमोर नाही. नातू मात्र विचारत राहिला, ‘आजोबा, आता कापूस एकटा काय करेल?’ जोडीतला एक गेला तर दुसऱ्याला तो काही वेळ पाहू द्यावा, असं जाणकार सांगतात. म्हणजे तो शोधत फिरत नाही. आम्ही तसं केलं. कापूस तिच्याजवळ तासभर बसला, तिचे कान चाटले, मग उठून आपल्या कोपऱ्यात गेला. पोलादपूरला गावच्या घरामागे तिला खोल खड्डा करून पुरलं. मुलांना मरण टीव्हीवर रोज दिसतं. पण ज्याला आपण खाऊ घातलं, ज्याची जागा झाडली, त्याचं जाणं काय असतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं. ते कळायला हवं की नको यावर माझं आणि सौं.चं एकमत नाही. त्या म्हणतात, पुन्हा आणायचा नाही. मी अजून काही म्हणत नाही.

शेवटी सभेपुढच्या विषयाबद्दल. आपली संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली, आणि मघाशी सांगितलेला प्राण्यांचा कायदाही १९६० चाच. दोन्ही एका वयाचे आहेत, एकत्र नांदू शकतील. भारतीय पशू कल्याण मंडळाने २०१५ साली पाळीव कुत्र्यांबाबत ज्या सूचना काढल्या, त्यांत बहुमताच्या ठरावानेही सरसकट बंदी घालता येत नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा बंदीच्या वादात न पडता आपण आपल्यापुरते चार नियम करावेत असं मी सुचवतो.

पहिला, प्राणी आणणाऱ्याने कमिटीला कळवावं, परवानगीसाठी नव्हे, माहितीसाठी. पुराच्या वेळी कोणत्या घरात कोण आहे हे ठाऊक हवं. दुसरा, घाण आणि वास याची जबाबदारी पूर्णपणे पाळणाऱ्याची. शेजाऱ्याने तक्रार केली तर ती शत्रुत्व म्हणून न घेता त्याच दिवशी दखल घ्यावी. तिसरा, जामीनदार. कर्जाला जामीनदार लागतो तसा प्राण्यालाही. शिमग्याला आणि गणपतीला आपण सगळे गावी जातो. त्या दिवसांत गवत-पाणी कोण करणार, त्या शेजाऱ्याचं नाव आधी ठरलेलं असावं. चौथा, फटाके. सशाचं काळीज म्हणतात ते खोटं नाही, मोठ्या आवाजाच्या धसक्याने ससा जागीच मरू शकतो. दिवाळीत मोठ्या आवाजाचे फटाके आवारात नकोत. यात आमच्या कापसाचा स्वार्थ आहे, पण पहिल्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाचा आणि माझ्या रक्तदाबाचाही आहे.

आणि ज्यांना खरंच ससा हवा आहे त्यांना एक विनंती. बाजारात जाऊ नका. बदल्या होतात, हौस फिटते, आणि असे ससे घर शोधत असतात. त्यातला एखादा घ्या. त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार दिवस गावी जाऊ, तेव्हा कापसाला तुमच्याकडे ठेवा. गवत, ट्रे, सगळं आम्ही देऊ. चार दिवस सकाळी उठून त्याची जागा साफ करा. पाचव्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा. ‘नको’ असं ठरलं तरी मला आनंदच होईल. एका सशाची ससेहोलपट वाचली असं मी समजेन. कोण पहिलं नाव देतंय ते मेळावा संपल्यावर सांगा, मी वही आणली आहे.

पंचवीस वर्षं आपण एका जिन्याने चढ-उतार करत आहोत. दोन पूर पाहिले, वादळ पाहिलं, लग्नं पाहिली, माणसं पोचवली. पुढच्या पंचवीसांत मी नसेन, पण हा जिना असेल आणि त्यावर लहान पावलं असतील, काही दोन पायांची, काही चार पायांची. त्यांना सांभाळून घ्या.

 नॉमिनेशनचं कोष्टक उद्या बोर्डावर लागेल, तेही वाचा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.